प्रॉम्प्ट दिसला म्हणजे काम झालं का?

एकोणीस वर्षांचा असताना मी एका बाईंचं नाव खराब केलं. त्यासाठी मला कुणाचे कान भरावे लागले नाहीत की खोटी साक्ष द्यावी लागली नाही. एका फाइलमध्ये एक ओळ वाढवली, एवढंच.

ती फाइल आता कुणी पाहत नाही. तिचं नाव ऑटोएक्झेक डॉट बॅट. तिच्या जोडीला दुसरी असायची, कॉन्फिग डॉट सिस. डॉसवर चालणारा संगणक सुरू झाला की आधी या दोन फाइली वाचायचा आणि त्यात वरून खाली जे लिहिलं असेल ते निमूट करायचा. माउस हवा असेल तर त्याचा ड्रायव्हर चढवा, एका वेळी किती फाइली उघडता येतील ते सांगा, अमुक प्रोग्राम मेमरीत बसवून ठेवा. तुमचा फोन सुरू होताना आतमध्ये अशा शेकडो गोष्टी होतात, पण तुमच्यासमोर फक्त कंपनीचा लोगो येतो. आमच्याकडे त्या गोष्टींची यादी साध्या मजकुरात असायची. ती कुणीही उघडून वाचू शकत होतं आणि कुणीही बदलू शकत होतं. या 'कुणीही'कडे मी पुन्हा येणार आहे.

आधी जागेचं सांगतो. 1981 साली आयबीएमनं आपला पीसी बाजारात आणला. त्यातल्या 8088 प्रोसेसरला मेमरीचा पत्ता सांगायला वीस तारा होत्या. वीस तारांवर 10,48,576 पत्ते मांडता येतात, म्हणजे एक मेगाबाइट. त्यातले वरचे 384 के पडद्यासाठी, रॉमसाठी आणि पुढेमागे लागतील अशा कार्डांसाठी राखून ठेवले गेले. खाली उरले 640 के. डॉस स्वतः, त्याचे ड्रायव्हर आणि तुमचा प्रोग्राम, सगळ्यांनी यातच बसायचं. तुमच्या फोनमधला साधा एक फोटो याच्या पाचसहा पट मोठा असतो. ('640 के कुणालाही पुरतील' हे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर फिरत असतं. त्यांनी ते नाकारलंय, आणि ते बोलल्याचा पुरावाही कुणी दाखवलेला नाही. एखाद्याच्या नावावर खपवलेली गोष्ट कशी चिकटून राहते, याचा हा एक नमुना.)

पुढे 286 आला, 386 आला. संगणकांत चार-चार एमबी मेमरी बसू लागली, तरी डॉसचे नेहमीचे प्रोग्राम त्या पहिल्या 640 केमध्येच चालायचे. वाड्याला मागे नव्या खोल्या बांधल्या, पण पाहुण्यांना अजून ओसरीवरच बसायची सवय, तसं. मग ओसरी मोकळी करायची एक कलाच तयार झाली. कॉन्फिग डॉट सिसमध्ये सगळ्यात आधी हायमेम लिहायचं, म्हणजे एक एमबीच्या वरची जागा वापरात येते. मग 'डॉस=हाय' लिहिलं की डॉसचा बराचसा भाग उठून त्या एक एमबीच्या लगेच वरच्या पट्टीत जाऊन बसायचा. ही पट्टी बरोबर 64 केला सोळा बाइट कमी. ती उघडणारी एकविसावी तार चक्क कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपमधून चालू-बंद केली जायची, कारण त्या चिपवर एक पाय मोकळा होता! नंतर ईएमएम 386. ते पडद्याच्या आणि रॉमच्या मधल्या रिकाम्या पत्त्यांवर खरी मेमरी आणून बसवायचं. मग तिथे 'डिव्हाइसहाय' आणि 'लोडहाय' लिहून एकेक ड्रायव्हर वर ढकलायचा. यातही क्रम महत्त्वाचा. काही ड्रायव्हर चढताना भरपूर जागा मागतात आणि एकदा बसले की आक्रसतात. त्यांना आधी चढवलं नाही तर नंतर दारातूनच आत येत नाहीत.

मला हे सगळं भयंकर आवडायचं. कॉलेज सांभाळून मी तालुक्याच्या गावी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि आसपासच्या संगणकांची कामं करायचो. 'मेम' ही कमांड दिली की शेवटी मोकळ्या जागेचा आकडा येतो. तो 541 चा 590 झाला, 590 चा 612 झाला, की मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटायचं. रात्री झोपताना ओळींचे क्रम डोक्यात फिरायचे. काटकसरीत एक गर्व असतो. जागा मी निर्माण केलेली नसायची, नुसती हलवाहलव केलेली असायची, पण ती आपण कमावली असं वाटायचं.

1993 च्या पावसाळ्यानंतर तिथल्या एका पतसंस्थेनं मला बोलावलं. त्यांच्याकडे एक 386 होता, त्यावर खतावणीचा प्रोग्राम. सभासद वाढले तसा तो 'मेमरी अपुरी आहे' असं म्हणून मधेच बंद पडायला लागला होता. संगणकावर ताई बसायच्या. संस्थेतले सगळे त्यांना ताईच म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. चाळिशीच्या असतील. दहावी झालेल्या, पंधरा वर्षं हातानं रोजकीर्द लिहिलेल्या, आणि संगणक आला तेव्हा संस्थेत पहिल्यांदा त्याला हात लावायला तयार झालेल्या त्याच. पडद्यावर सगळं इंग्रजी. देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड तेव्हा मिळायचं, पण संस्थेनं ते घेतलं नव्हतं. ताईंनी प्रत्येक पडद्याचा क्रम एका वहीत मराठीत लिहून ठेवला होता. शेवटची ओळ अशी: 'सी आणि बाण आला की काम झालं. बटण बंद.'

म्हणजे सी:\>. डॉसचा प्रॉम्प्ट.

मी डॉस 5 काढून डॉस 6.0 चढवला. फ्लॉप्या कुठून आणल्या ते विचारू नका. दोन्ही फाइली नव्यानं लिहिल्या, 612 के मोकळे केले, खतावणी सुरळीत चालू झाली. आणि जाता जाता, कुणी न मागता, ऑटोएक्झेकमध्ये स्मार्टड्राइव्हची ओळ घातली. हा प्रोग्राम डिस्कवरची माहिती मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे सगळं झपझप चालतं. ताई म्हणाल्या, "अरे, हा तर पळायला लागला!" मॅनेजरनं चहा मागवला आणि ठरलेल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले.

डॉस 6.0 मधला स्मार्टड्राइव्ह नुसतं वाचलेलंच धरून ठेवत नसे, लिहायचंही धरून ठेवायचा. प्रोग्रामनं 'हे डिस्कवर लिही' म्हटलं की तो 'लिहिलं' म्हणून मोकळा व्हायचा आणि प्रत्यक्ष लिहायचं काम काही सेकंदांनी करायचा. त्या काही सेकंदांत प्रॉम्प्ट येऊन उभा असायचा. सी आणि बाण.

बाकीचे दिवस ताई संध्याकाळी रोजकीर्द छापायच्या. प्रिंटर करकरत बसायचा, तोवर सगळं डिस्कवर उतरलेलं असायचं. शनिवारी अर्धा दिवस असायचा. रोजकीर्द सोमवारी छापायची पद्धत होती आणि दीडची एसटी चुकली तर पुढची साडेतीनला. शेवटची नोंद, बाहेर पडा, सी आणि बाण, बटण बंद.

पहिल्यांदा झालं तेव्हा सोमवारी शिलकेत 2,400 रुपये कमी निघाले. शोधाशोध केल्यावर शनिवारच्या गठ्ठ्यात एका सभासदाच्या उचलीचं व्हाउचर मिळालं, सहीसकट. पैसे गेले नव्हते, नोंद नव्हती. मॅनेजर म्हणाले, "ताई, घाईत राहिली असेल." ताई म्हणाल्या, "नाही साहेब, मी केली होती. मी पडद्यावर बघितली." एवढ्यावर मिटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. या वेळी व्हाउचर दोन दिवस सापडलं नाही, आणि ते दोन दिवस ताईंना संचालकांसमोर उभं राहावं लागलं. कुणी चोर म्हटलं नाही. 'मशीन खोटं बोलत नाही, ताई' असं चेअरमन म्हणाले. व्हाउचर मिळाल्यावर माफीबिफी काही नाही. ताईंना संगणकावरून काढून पावती पुस्तकांच्या टेबलावर बसवलं आणि क्लासमधल्याच एका मुलाला त्यांच्या जागी घेतलं.

हे मला त्याच मुलाकडून कळलं. शनिवार म्हटल्याबरोबर माझ्या पोटात काहीतरी हललं. क्लासच्या संगणकावर मी 'हेल्प स्मार्टड्राइव्ह' असं टाइप केलं. सगळं लिहिलेलं होतं. संगणक बंद करण्याआधी राहिलेलं लिखाण पूर्ण झाल्याची खात्री करा. ते लगेच उतरवायचं असेल तर अमुक कमांड द्या. म्हणजे सांगणाऱ्यानं सांगितलं होतं, मीच वाचलं नव्हतं. पुढची आवृत्ती, 6.2, तेव्हा नुकतीच आली होती. तिच्यात सगळं लिहून झाल्याशिवाय प्रॉम्प्टच येत नाही. म्हणजे माझ्यासारखे आणि ताईंसारखे जगभर बरेच असणार.

दुसऱ्या दिवशी मी पतसंस्थेत गेलो. 'जरा सर्व्हिसिंग करतो' म्हणालो. त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून एक अक्षर लिहिलं, सी. ड्राइव्हचं अक्षर असं नुसतं लिहिलं की स्मार्टड्राइव्ह त्या ड्राइव्हचं वाचन धरून ठेवतो, लिखाण धरत नाही. दोन मिनिटांचं काम. ताई पलीकडच्या टेबलावर होत्या. त्यांनी मला पाहून मान हलवली. मी बोललो नाही.

यानंतर नोंदी गळायच्या थांबल्या, अर्थातच. ताई गेल्या आणि चुका थांबल्या. संचालकांना याहून आणखी काय पुरावा हवा होता?

मी केलेली ओळ ही चूक होती. पण ते एक अक्षर ही चूक नव्हती. पूर्ण शुद्धीत, सगळं माहीत असताना, मी दोष दुरुस्त केला आणि त्या दुरुस्तीनंच ताईंवरचा आरोप पक्का केला. मी पुन्हा हात लावला नसता तर त्या नव्या मुलाच्याही नोंदी एखाद्या शनिवारी गळाल्या असत्या आणि ताई आपोआप सुटल्या असत्या. काहीच न करण्यानं जो न्याय झाला असता तो माझ्या कर्तव्यदक्षतेनं होऊ दिला नाही. हे मला कळायला फार वर्षं लागली.

तेव्हा मी स्वतःला काय काय सांगितलं! एक, माझा हेतू चांगला होता. दोन, ताईंनी थोडं थांबायला हवं होतं. यातलं दुसरं मी बराच काळ खरं मानलं. पण बघा, ताई वर्षभर तशाच बटण बंद करत होत्या आणि एकदाही काही बिघडलं नव्हतं. प्रॉम्प्ट येणं याचा अर्थ ठरलेला होता: तुझं काम मी उतरवून घेतलं, आता तू जा. हा त्या संगणकानं त्यांना दिलेला शब्द होता आणि त्यांनी तो वहीत लिहून घेतला होता. मी तो शब्द बदलला. चिन्ह तेच ठेवलं, सी आणि बाण, फक्त त्याचा अर्थ काढून घेतला. नियम बदलून जुनीच पाटी टांगलेली ठेवली, आणि पाटी वाचून वागणाऱ्या माणसाला बेफिकीर ठरवलं. म्हणून 'तिनं थांबायला हवं होतं' हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, अनीतीचं आहे असं मला वाटतं.

आता त्या 'कुणीही'कडे येतो. माझ्या पिढीतले लोक जुन्या डॉसबद्दल हळवे होऊन बोलतात. तेव्हा सगळं उघडं होतं, प्रत्येक ओळ आपल्या हातात होती. आता फोनमध्ये काय चालतं ते देवाला ठाऊक. मीही बोलतो. डॉस 6 मध्ये सुरुवातीलाच एफ 8 दाबलं की संगणक कॉन्फिग डॉट सिसमधली एकेक ओळ दाखवून विचारायचा, ही चालवू का, हो की नाही? इतकं सभ्य यंत्र मी त्यानंतर पाहिलं नाही. पण एफ 8 दाबायचं असतं हे ताईंना कुणी सांगितलं होतं? फाइल उघडी होती, पण ताईंसाठी ती कुलपातच होती. मला वाचता येत होती म्हणून मी तिला उघडी म्हणत होतो. तुम्ही एखाद्या ॲपच्या चाळीस पानी अटींना 'मान्य' म्हणता तेव्हा त्या अटीही उघड्याच असतात. कंपनी न्यायालयात सांगू शकते की सगळं लिहिलेलं होतं. 'हेल्प स्मार्टड्राइव्ह'मध्येही सगळं लिहिलेलं होतं. लिहून ठेवणं आणि सांगणं यांत फरक आहे, आणि सांगण्याची जबाबदारी ज्याला वाचता येतं त्याच्यावर पडते.

त्या फाइलींत 'रेम' नावाची एक सोय होती. ओळीच्या सुरुवातीला रेम लिहिलं की संगणक ती ओळ सोडून देतो. ती माणसांसाठी असते. मी कितीतरी फाइली लिहिल्या, पण 'ही ओळ अमुक तारखेला अमक्यानं अमक्या कारणानं घातली' असा रेम एकदाही लिहिला नाही. जागा लागते म्हणून नव्हे, ती ओळ मेमरीचा एक बाइटही घेत नाही. लिहिला असता तर पुढे कुणीतरी मला विचारू शकला असता, म्हणून.

ब्रिटनच्या पोस्टात 1999 पासून हॉरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली, फुजित्सु कंपनीची. गावोगावची छोटी पोस्टं चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. 'आम्ही पैसे घेतले नाहीत' असं ते सांगत राहिले आणि यंत्राचा आकडा प्रमाण मानला गेला. पुढच्या सोळा वर्षांत 900 हून अधिक लोक दोषी ठरले. सीमा मिश्रा नावाच्या बाईंना 2010 मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवलं. त्यांची निर्दोष सुटका व्हायला 2021 उजाडलं. 2024 च्या जानेवारीत या सगळ्यावर टीव्ही मालिका आली, देश हादरला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. मी ती बातमी वाचताना एका तपशिलाशी अडकलो. तक्रार करणाऱ्या कित्येकांना फोनवर सांगितलं जायचं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. आमच्याकडे हे वाक्य कुणी उच्चारलंही नव्हतं. माझ्या गप्प बसण्यानं ते आपोआप म्हटलं गेलं होतं.

2,400 रुपयांच्या व्हाउचरची तुरुंगाशी तुलना करणं मोठेपणा मिरवल्यासारखं होईल. ताईंची नोकरी गेली नाही. पगारही तोच राहिला. पण संगणकाला पहिल्यांदा हात लावणारी बाई निवृत्त होईपर्यंत पावत्या फाडत बसली, आणि पुढे संस्थेत जेव्हा जेव्हा नवं काही आलं तेव्हा 'ताईंना नको, त्यांच्याकडून गडबड होते' असं म्हटलं गेलं, हे त्या मुलानंच मला नंतर सांगितलं.

त्याच फेब्रुवारीत मी गावी गेलो आणि ताईंकडे गेलो. सत्तरीच्या पुढे गेलेल्या, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. मी मनाशी बरंच जुळवून गेलो होतो. सगळं सांगितलं: स्मार्टड्राइव्ह, शनिवार, ते एक अक्षर. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "चेअरमनना सांगितलंस?"

चेअरमन जाऊन आठ वर्षं झाली होती. मॅनेजरही नव्हते. पतसंस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली.

"मग मला सांगून काय उपयोग?" ताई म्हणाल्या. "मी नोंद केली होती हे मला माहीतच होतं की."

मी हलका व्हायला गेलो होतो, हे त्यांनी ओळखलं असावं. रागावल्या नाहीत, तो दिलासासुद्धा दिला नाही. आत जाऊन चहा टाकला. तीस वर्षं मी ज्या कबुलीची भीती बाळगली ती चुकीच्या पत्त्यावर घेऊन आलो होतो. ताईंना सत्याची गरजच नव्हती. ते ज्यांना हवं होतं, म्हणजे ज्यांच्या मनात ताईंविषयी काहीतरी बसलं होतं, ते लोक आता कुठे शोधायचे? त्या संस्थेतले तिघेचौघे अजून गावात आहेत. दोघांना मी गाठलं. एकाला प्रसंगच आठवत नव्हता. दुसरा म्हणाला, "हो, ताई जरा धांदरटच होत्या," आणि मी अर्धा तास समजावल्यावर म्हणाला, "असेल बुवा."

निघताना ताईंनी फोन पुढे केला. जागा भरल्याचा संदेश सारखा येतो म्हणाल्या, व्हॉट्सॲपवर नातवाचे फोटो उतरत नाहीत. मी सवयीनं फोन हातात घेतला आणि सेटिंगमध्ये शिरलो.

"तिथे नको बसूस," त्या म्हणाल्या. "इकडे माझ्या शेजारी बस. काय काढतोस ते मला दाखव आधी."

चष्मा शोधायला त्यांना थोडा वेळ लागला. मग आम्ही एकेक ॲप बघायला लागलो.